शाजापूर अजून आलं नाही

छावणीत, धान्याच्या पेढीच्या वरच्या मजल्यावर
सुराणांनी मला एक खुर्ची दिली, एक लॅपटॉप
आणि एकशे अठ्ठेचाळीस मंड्यांची यादी.
"सोयाबीनचा भाव. दहाच्या आत. बस्स."

पहिल्या आठवड्यात साधा लूप लिहिला.
देवासला विचारायचं, थांबायचं.
देवास बोललं की उज्जैन. थांबायचं.
जावऱ्याचा सर्व्हर जांभया देत उठेपर्यंत
बदनावर, खातेगाव, आष्टा
रॉकेलच्या रांगेतल्या डब्यांसारखे
एकामागे एक.
साडेसात मिनिटं.
"तेवढ्यात भाव पलटतो, भिया," पुतण्या म्हणाला.
मलाही भियाच म्हणतो. इंदूरात चालतं.

मग पायथनचं असिंक शिकायला बसले,
आणि तिसऱ्या पानावर लक्षात आलं
की हे मला माहीत आहे.

बाबा ट्रंक एक्स्चेंजला होते.
एक माणूस, कानाला एक हेडफोन,
समोर भोकाभोकांचा बोर्ड.
"नागपूर मागितलं म्हणून
नागपूरपाशी बसून राहायचं नाही, सुमेधा.
दोरी खोचायची आणि पुढच्याला हात घालायचा.
लागलं की दिवा पेटतो.
पेटला की जायचं."
माणूस एकच. कॉल वीस.
अवेट म्हणजे एवढंच, पण पुस्तकाला सांगायला
चाळीस पानं लागली.

मी माजले. एकशे अठ्ठेचाळीस विनंत्या
एकदम सोडल्या, पारव्यांच्या थव्यासारख्या.
सर्व्हरने दार तोंडावर आपटलं:
चारशे एकोणतीस. फार विचारता.

मग सेमाफोर लावला. एका वेळी दहाच.
आणि वीस सेकंदांचा टाइमआउट,
त्यात जी बोलली नाही ती मंडी गेली.
पाऊण मिनिटात भाव टेबलावर.
शाजापूर तेवढं बहुतेक रोज जातं.

फाल्गुनात बाबांना झटका आला.
पाय थोडे परत आले. शब्द नाहीत.
मी घरीही तशीच:
पाणी देऊ? खिचडी चालेल? दुखतंय? टीव्ही लावू?
त्यांनी डोळे मिटून घेतले.
चारशे एकोणतीस.

मग एकच प्रश्न विचारायचा आणि समोर बसायचं.
काही नाही.
डॉक्टर म्हणाले, विचारत राहा.

आणि एका बुधवारी रात्री नऊला,
मी ताट उचलत होते,
ते म्हणाले, "दूध."

सकाळी साडेसातला विचारलं होतं मी:
चहा की दूध?

मंगळवारी विचारलं, आत्याला फोन लावू का?
"नको" गुरुवारी आलं,
दाढी करायला आलेल्या राजेंद्रच्या ब्रशखालून, फेसासकट.
राजेंद्र बिचारा वस्तरा घेऊन मागे सरला.

म्हणजे प्रश्न आत पोचत होते.
सगळे खोचलेले होते, आपापल्या दोरीला.
मीच प्रत्येकापाशी वीस सेकंद उभी राहून
निघून जात होते.

आता एक वही आहे.
डावीकडे प्रश्न, वेळ घालून,
उजवीकडे उत्तरं, येतील तशी,
मध्ये बाण, एकमेकांना ओलांडणारे.
पायथन असली यादी मला
विचारलेल्या क्रमाने लावून देतो.
इथे मी लावते, पेन्सिलीने.
खोडरबर जवळ ठेवावं लागतं.
काही रांगा होळीपासून रिकाम्या आहेत.
त्या खोडत नाही.

काल पेढीतून उशिरा आले.
लोकमान्य नगरचे दिवे गेलेले.
बाबा जागे होते, अंधारात.
त्यांनी डावा हात उचलला,
दोन बोटांनी हवेत काहीतरी खोचलं,
आणि स्वच्छ म्हणाले, "बोला. लागलंय."

मोबाइलच्या उजेडात मी वही चाळली,
मागे, आणखी मागे.
याचा प्रश्न माझ्या वहीत नव्हता.

हात तसाच वर होता.
मी म्हणाले, "हॅलो."